कशावरून मॅडमचं एकमेव खोटं

थांबा, हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. आमच्या जंताचा जीनोम आज सकाळी ऑनलाइन आला. म्हणजे त्याचा अख्खा डीएनए वाचून झाला आणि आता जगात कुणीही तो बघू शकतं. हूकवर्म म्हणतात त्याला. मातीतून अनवाणी पायात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. सगळे अभिनंदन करतायत आणि मला आठवतायत आमच्या कशावरून मॅडम.

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या लॅबच्या त्या प्रमुख. काहीही सांगा, पहिला शब्द ‘कशावरून?’ म्हणून हे नाव. मशिन बंद केलं मॅडम. कशावरून? बाहेर ऊन आहे मॅडम. तर खिडकीपाशी जाऊन बघून यायच्या. जेट्टीवर बांगडे घेताना एकेकाचा कल्ला उचलायच्या. मासेवाली एकदा वैतागून म्हणाली, “बाय, खायचाय ना गो? की सोयरीक जुळवायचीय त्याच्याशी?” मॅडम हसल्या नाहीत. पुढचा कल्ला उचलला.

लॅबमध्ये तर विचारूच नका. आमच्या नळ्यांमध्ये साध्या पाण्याची एक नळी गुपचूप घुसवायच्या. तिच्यात कुणाला जंत सापडला की त्याची दिवसभर खैर नसायची. आणि त्यांची एक सवय म्हणजे कचरा आधी बघायचा. विष्ठेतून डीएनए काढला की जंताबरोबर माणसाचाही थोडा येतो. बाकीचे तो न बघता काढून टाकतात. मॅडम म्हणायच्या, “नमुना बाईचा की पुरुषाचा एवढं बघा. त्यापुढे डोकावायचं नाही. पण एवढं बघाच, डब्यावरच्या नावावर माझा विश्वास नाही.”

राजापूरच्या वरच्या अंगाला कातळावर एक वाडी आहे. तिथल्या एका घरातून आम्ही नमुन्यांचे डबे आणले होते. त्या घरची सून वैदेही (नाव बदललंय) अगदी पांढरीफटक. हंडा घेऊन चार पावलं चालली की धाप लागायची. सासू म्हणायची, “कामाचा कंटाळा, दुसरा काय.” वैदेहीच्या डब्यात जंत निघाला नाही, म्हणून तिला गोळ्या मिळाल्या नाहीत. आम्ही पुढच्या नमुन्यांना लागलो.

मॅडम मात्र कचऱ्यात अडकल्या. वैदेहीच्या डब्यातला माणूस पुरुष होता.

“लेबलं बदलली असतील,” मी म्हटलं.

“असतील. नसतीलही. चल.”

गेलो. मॅडम आधी घरात गेल्याच नाहीत, मागच्या बाजूने वळल्या. परसात वैदेही भाजीला पाणी घालत होती, अनवाणी. तिच्याशी आधी दुधीवर बोलल्या, मग डब्यावर. तिने हळूच सांगून टाकलं. सुनेचं असलं काही परक्याच्या हातात द्यायचं नाही, असं सासूने ठरवलं आणि तिचाही डबा सासऱ्यांच्याच खेपेतून भरला. “आत्ये म्हनाल्या, सगळी एकाच चुलीवरचा खाताव, मग एकाचा काय नि दुसऱ्याचा काय.” आणि लगेच माझा हात धरून, “मी सांगितलाव म्हनून बोलू नको गो. माका ऱ्हाऊ द्यायच्या नाहीत.”

सासरे गुडघ्याने अधू, पडवी सोडून हलायचे नाहीत. मातीत पाय वैदेहीचे.

मग आम्ही वळसा घालून पुढच्या दाराने आलो. सासूची नजर आधी सुनेकडे, मग आमच्याकडे. “काय वो मॅडम, परत का आलाव? आमच्या डब्यात काय खोट व्हती? की कोनी काय सांगितलान?”

मी मॅडमकडे बघत होते. ज्या बाईने आम्हाला ‘बहुतेक’ हा शब्दसुद्धा कधी वापरू दिला नाही, ती शांतपणे म्हणाली, “डबा माझ्या हातून सांडला, काकी. एकच. तुमच्या सुनेचा. आता नवा घेतल्याशिवाय मी हलत नाही, बसते इथेच.”

“येवढी शिकलेली नि डबा धरता येत नाय,” सासू म्हणाली. पण चहा टाकला. संशय पूर्ण गेला नव्हता, आम्ही निघेपर्यंत ती दारातून हलली नाही.

नव्या डब्यात जंताची अंडीच अंडी. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळाल्या, रक्त वाढायचं औषधही मिळालं. आज ऑनलाइन आलाय तो जंत वैदेहीचाच. वरिष्ठांनी फोनवर मॅडमना झापलं, नमुने सांडतातच कसे म्हणून. मॅडम म्हणाल्या, “चूक माझीच.” खरं सांगितलं तर ते फिरत फिरत वाडीत पोचेल, हा त्यांचा पुढचा संशय.

नंतर त्या निवृत्त होऊन केळशीला भावाकडे गेल्या. गाडी केळशीलाच जाते का, हे स्टँडवर ड्रायव्हरला, कंडक्टरला आणि शेजारच्या बाईला वेगवेगळं विचारलं, मगच चढल्या.

आज फोन केला. “मॅडम, आपला जंत आला.”

“बरं. वैदेहीचं रक्त परत तपासलं?”

“ती आता बरी आहे, मॅडम.”

“अजून अनवाणीच फिरते का, ते कोण बघून आलं?”

कुणीच नाही. आणि ती तशीच फिरत असेल तर जंत परत शिरणार. उद्या सकाळच्या राजापूर गाडीने निघतेय. चपला घेतल्यात, माप माहीत नाही म्हणून दोन मापांच्या. सासूला काय सांगायचं ते गाडीत ठरवेन.

तुमच्याबाबतीत झालंय का असं? कुणावरच विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने कुणासाठी तरी असं बेधडक खोटं बोलताना तुम्ही बघितलंय?