पाच माणसांचा कायदा

आई जाऊन दीड वर्ष झालं. तिच्याबद्दल लिहायला बसलो, की दुसरं काही सुचायच्या आधी परदेशातल्या, पासिर रिसच्या फ्लॅटमधली ती वैशाख पौर्णिमा समोर येते आणि मी वही मिटून ठेवतो.

आम्ही बौद्ध. आडनावावरून ते कळत नाही. माझे मॅनेजर पुण्याचे, राहायला आमच्याच मजल्यावर. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून आपल्यातला धरलं होतं आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला जायचो, तीर्थ घ्यायचो. नोकरी त्यांच्या हाताखाली, आणि इथे राहण्याचा पास नोकरीवर.

मी एकटा राहत होतो, म्हणून आई काही महिने राहायला आली होती. त्या दिवसांत मी लायब्ररीतून इंग्लंडच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक आणलं होतं. जेवताना तिला त्यातलं सांगायचो. प्रोटेस्टंटच, पण राजाचं चर्च न मानणारे लोक. त्यांच्यासाठी कायदा होता, की घरच्यांखेरीज पाचांहून जास्त माणसांनी प्रार्थनेला एकत्र यायचं नाही. आले तर दंड, नाहीतर तुरुंग. सरकारी पद हवं असेल तर राजाच्या चर्चमध्ये प्रसाद घेतल्याचा दाखला आणायचा. मी तावातावाने बोलत होतो. आई शाळेत शिकवून निवृत्त झालेली; तिने विचारलं, मग ते लोक काय करायचे? मी सांगितलं, काही तुरुंगात गेले, काही वर्षातून एकदा प्रसाद घेऊन यायचे आणि पद टिकवायचे.

"म्हणजे तुझ्यासारखे," आई म्हणाली आणि वरण वाढून घेतलं. मी हसण्यावारी नेलं.

पुढे लिटिल इंडियात किराणा घेताना तिची आपल्या समाजातल्या तीन कुटुंबांशी ओळख झाली. वेसाकची, म्हणजे वैशाख पौर्णिमेची, इथे सगळ्यांनाच सुट्टी. त्या दिवशी वंदना आणि खीर आपल्याकडे करायची असं तिने ठरवलं, आणि मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा किती दिवसांनी फुललेला दिसला. बारा माणसं येणार होती. माझ्या डोळ्यांपुढे दारातल्या बारा जोड चपला आल्या, पांढऱ्या साड्या आल्या, आणि सुट्टीमुळे घरी असलेले मॅनेजर.

"आई, इथे फ्लॅटमध्ये बाहेरची पाचांपेक्षा जास्त माणसं जमवता येत नाहीत," मी म्हणालो. "हाउसिंगचा नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. पाच हा आकडा मी कुठून उचलला, ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. "घरची धरून, की सोडून?"

"सोडून," मी म्हणालो.

तिने तिघींना फोन केले. गुडघे धरलेत, एवढ्यांचं करणं झेपणार नाही, असं सांगितलं. नियमाचं नाव काढलं नाही. मी शेजारच्या खोलीत ऐकत बसलो होतो. उठून तिच्या हातातून फोन घेता आला असता. इंग्लंडातल्या त्या लोकांवर निदान राजा होता. माझ्यावर कोण होतं?

पौर्णिमेला सकाळी तिने पांढरी साडी नेसली, मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, हात जोडले. बाहेर कॉरिडॉरमध्ये मॅनेजर कुणाशीतरी बोलत उभे होते. आई थांबली.

"एवढ्या आवाजात म्हटलं तर चालेल ना रे?" तिने विचारलं.

मी उठलो आणि कॉरिडॉरकडची खिडकी लावून घेतली.