खालून पाहिलेली होडी

रविवार, ९ नोव्हेंबर. मशीनला कपडे लावून मी गॅलरीत पितळी तारेच्या कड्या वळायला बसले होते. बारीक सळईवर तार घट्ट गुंडाळायची आणि करवतीने उभी कापायची, म्हणजे एका वेळी मूठभर कड्या सुटतात. चिखलीतल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी हाच आमचा कारखाना. हातभर लांबीचा लेथ, एक व्हाइस, खाली चिवड्याच्या डब्यांत पितळेचे तुकडे. नवरा लाकूड करतो, मी धातू. दोघं मिळून जहाजांच्या प्रतिकृती बनवतो. त्या दिवशी टेबलावर होती माझ्या वडिलांची होडी. तीस फुटांची होडी दीड फुटात.

ही होडी मी शेवटची नीट पाहिली होती ती गाव सोडलं त्या सकाळी. मालवणच्या बाजूचं, खाडीकाठचं आमचं गाव. मी बावीस वर्षांची, आयटीआय झालेली, भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी मिळालेली. आईने सुके बांगडे तीन पिशव्यांत गुंडाळून दिले, तरी एसटीचा कंडक्टर म्हणालाच, "बाई, हे टपावर टाका, नाहीतर तुम्ही टपावर बसा." बाबा स्टँडवर आले नाहीत. होडी वाळूत ओढली होती, ते कामात होते. मीच किनाऱ्यावरून गेले. ते वर होडीत उभे, मी खाली वाळूत. पाया पडायला वर चढायचा प्रश्नच नव्हता. ते वरूनच म्हणाले, "हात चालव, तोंड नको." मी बरं म्हटलं आणि निघाले.

"बायलमाणसाचो पाय होडयेर नको," हे बाबांचं वाक्य आम्ही पाळण्यापासून ऐकलेलं. खालचं काम बायकांनी करायला मात्र देवाची हरकत नव्हती. दर वर्षी होडी ओढली की आई आणि मी तळाचे शिंपले खरवडायचो, माशाचं तेल चोपडायचो. कोणत्या फळीचा कोणता खिळा गंजलाय हे मला पाठ होतं. वर काय आहे ते मी कधीच पाहिलं नाही, आणि तेव्हा पाहावंसंही वाटलं नाही.

इकडे आले आणि एकाएकी समुद्रातली जाणकार झाले. तुमच्यापैकी जे गाव सोडून आलेत त्यांना हे माहीत असेल. आपण जिथून येतो त्या ठिकाणाचे आपण परीक्षेला बसल्यासारखे जबाबदार होतो. चाळीतल्या बायका मला पापलेट दाखवायला आणायच्या. पुढे लग्न केलं ते लातूरकडच्या दत्ताशी. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सासुरवाडीला आल्यावर, आणि वेडा झाला तोच. मोबाइलवर बघून बघून जहाजं करायला लागला. मला विचारायचा, "डेकवर दोर कुठं अडकवतेत?" मी म्हणायची, माहीत नाही. "दर्याकाठची आन् तुला डेक म्हाईत न्हाई? आमच्याकडं धरण बघायला लोक डबा बांधून जातेत, आन् तू दारातली होडी बघितली न्हाईस!"

आता खरंच अडलं होतं. माझा भाऊ सुभाष याने फायबरची होडी घेतली आणि जुनी मोडायला काढली. मंगळवारी माणसं येणार होती. बाबांची नजर काचबिंदूने गेली आहे, उजेड तेवढा कळतो. सुभाष म्हणाला होता, त्यांच्या हातात धरायला तिच्यासारखी एक करून द्या. म्हणजे ही होडी बाबा बोटांनी बघणार. रंग कितीही देखणा असला तरी त्यांच्या काय कामाचा? त्यांना ओळख पटणार ती हाताखालून जन्मभर गेलेल्या लोखंडाने. कड्या, कप्प्या, दोराचे हूक, सुकाणूच्या बिजागऱ्या. तेवढं चुकलं की होडी कोणाचीही.

सुभाषकडे मापं मागितली तर उत्तर आलं, "चार बोटां." कोणाची बोटं? फोटो पाठवले, त्यात अर्धा अंगठा आणि अर्धं आभाळ. मग मी आठवणीने केलं. हूक करताना तर हात अडला नाही, डोळ्यांपुढे ते लख्ख दिसत होते. पहिला घाणा कुरियरने पाठवून दिला.

त्या रविवारी, कड्या वळून होत नाहीत तोच सुभाषचा व्हिडिओ कॉल आला. तो हसत होता.

"ताय, ही होडी हा की टेम्पो?"

"काय झालं?"

"हूक बघ मगे तुझे! बाबांनी हातात घेतल्यानी आणि बाजूक ठेवल्यानी. म्हणतत, ह्या माझा न्हय."

मी एक हूक चिमट्यात धरून पाहिला. मला हसू आलं, मग आलं नाही. भोसरीचा कारखाना चाकणला हलला, तेव्हापासून पाव शतक मी कंपनीच्या बसने तिकडे जाते. मोशीच्या पुढे ट्राफिक थांबलं की खिडकीला खेटून ट्रक उभे असतात, आणि त्यांच्या बॉडीला दोर बांधायचे हूक असतात, बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत. मी तेच केले होते. बाबांच्या होडीच्या नावाने. बाकीचं किती खरं होतं? होडीच्या पुढच्या टोकाची, नाळेवरची कडी मी वाळूतून पाहिली होती की मोशीत? मला सांगता येईना.

"बाबांना दे," मी म्हटलं. फोन त्यांच्या कानाशी गेला.

"बाबा, मी येऊन मापं घेते. वर चढावं लागेल."

मला वाटलं, नाही म्हणतील. मी भांडायची तयारीही केली होती.

"ये," ते म्हणाले. "तू आता थयली. पावण्यांक खंयचो नियम?"

फोन ठेवला. दत्ता म्हणाला, "परवानगी मिळाली की! मग तोंड कशाला पाडलंस?"

त्याला काय सांगणार? नियम खुळचट होता, हे मी बारा वर्षांची असल्यापासून म्हणत आले. पण तो मला लागू होता. शेजारच्या गावच्या बाईला लागू नव्हता, गोव्याच्या पाहुण्यांना नव्हता, मला होता. आता मी थयली, म्हणजे तिकडची पाहुणी, म्हणून मलाही नाही. मला वर चढू दिलं की घराबाहेर काढलं, हे मी तेव्हापासून उलटसुलट करून बघते आहे आणि बसत नाही. तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला कदाचित वाटेल की तिला काहीच लागत नाही, पाव शतक ट्रक बघते ती. आणि इकडे सोसायटीत मी अजून "कोकणातल्या काकू". जिथे राहते तिथे मी तिकडची, तिकडे गेले की इकडची. घर मधे कुठेतरी असावं, पण मधे तर नुसता घाट आहे.

सोमवारची रजा व्हॉट्सअॅपवर टाकली, कॅलिपर पंचात गुंडाळला आणि निगडीहून रात्रीची गाडी धरली.

सकाळी थेट किनाऱ्यावर गेले. सुभाषने बाबांना खुर्चीत आणून बसवलं होतं, होडीपासून दहा पावलांवर. तळ कित्येक वर्षांत कोणी खरवडला नव्हता. शिडी लावलेली होती. मी चपला काढल्या.

"घाल गो," सुभाष म्हणाला. "वर खिळे सुटलेत."

घातल्या आणि चढले. फळी कुरकुरली. बाबांनी मान वर केली.

"वर कोण चढला?"

उत्तर मीच द्यायचं होतं.

"मी," म्हटलं, आणि पहिलं माप घ्यायला वाकले.