वानोळ्याचं वजन

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी ऑनलाइन दुकान उघडलं आणि चार महिन्यांत कुरियरवाल्यांनी मला लबाड ठरवलं.

दुकान कसलं, तर कुरडयांचं! उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या, गव्हाच्या चिकाच्या, पांढऱ्याशुभ्र. आमची सून रुपाली, तिनं फोटो मोबाइलवर टाकले आणि पुणे, इंदूर, बंगलोर, कुठून कुठून ऑर्डरी येऊ लागल्या. पांढुर्णा-सौसरची माणसं पोटापाण्यासाठी कुठं कुठं जाऊन बसली आहेत, हे मला कुरडयांमुळं कळलं. कामाची वाटणी अशी: रुपाली पाकिटं तोलून खोक्यात रचणार आणि मोबाइलात वजन भरणार, मी वरून कागदाचे बोळे कोंबणार, आणि आमचे हे (शाळेतून रिटायर झाल्यापासून यांना घरात खुर्ची आहे, पद नाही) चिकटपट्टी मारून खोका कुरियरवाल्याकडे पोचवणार.

पंधरा दिवसांत पहिला मेसेज आला.

"आई, पैसे कापले जी."

"कोणाचे?"

"आपले. म्हणतेत, तुम्ही वजन सांगतलं एक किलो, मशीनवर भरलं दोन. फरकाचे पैसे अन् वरून दंड."

"एकाचे दोन? रस्त्यात कुरडयाइले पिल्लं झाले काय व?"

मग दर पार्सलला तेच. इंदूरच्या पार्सलचा नफा वाटेतल्या बैतूलच्या पुढं जाईना. काय चुकून राहिलं, काही समजेना. हे खुर्चीतून म्हणाले, "कुरडया ओल्या असतीन."

ओल्या! चाळीस वर्षं माझ्या कुरडया खाऊन हा निकाल! पण मनात किडा वळवळलाच. सगळा माल परत तीन दिवस उन्हात घातला. वजन तेवढंच राहिलं, चार डाले कुरडया मात्र विटकरी झाल्या. मग मला वाटलं, घरचा काटा बिघडला. त्यावर मिठाचा पुडा ठेवला, तर काटा बरोबर एक किलो! मग चिकटपट्टी कमी केली, तर दोन खोके कोपऱ्यातून उसवले. शेवटी लाल पेनानं खोक्यावर लिहिलं, 'आत हलकं सामान आहे.' त्याही पार्सलचे पैसे कापले. मशीनला मराठी येत नसावं.

कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाजाची बाई, "मैम, हमारी मशीन गलत नहीं होती."

मी म्हटलं, "बेटा, मशीन गलत नाही होती, मैं गलत नाही होती, तो फिर गलत होता कोण है?"

तिनं मला गाणं लावून दिलं. वीस मिनिटं ऐकलं.

इथवर निभलं असतं. पण माघात पुण्याहून सुषमाताईंचा फोन आला. आमच्या गिऱ्हाईक, मूळच्या इकडच्याच, लोधीखेड्याच्या. लेकीचं लग्न होतं.

"मावशी, रुखवतात आपल्याकडची कुरडई पाह्यजे. गुलाबी, हिरवी, पांढरी, पाच थर लागले पाह्यजे. व्याह्याकडचे लोक मोठे हायेत. कुरडई नसली तं माही जाऊबाई मांडवातच म्हणन, माहेरून एवढंसं आणता नाही आलं?"

"तू बेफिकीर राय बाई. आली समज!"

मी आयुष्यात एवढ्या जोरात 'आली समज' म्हणायला नको होतं. मोठा खोका भरून गेला आणि तिसऱ्या दिवशी मेसेज आला: वजनात वारंवार तफावत, पार्सल सौसरच्या गोदामात थांबवलं आहे. लग्नाला उरले सहा दिवस. पुण्याला पोचायला लागतात चार.

माझी तहानभूक गेली. बीपीची गोळी एकदा घेतली, घेतली की नाही आठवेना म्हणून परत घेतली. डोळे मिटले की रुखवताचा टेबल दिसे. मधात रिकामी जागा आणि जागेपाशी ती जाऊबाई, कमरेवर हात ठेवून! त्यात सुषमाताई घडीघडी फोन करून विचारत, "मावशी, कुठवर आलं?" आणि मी म्हणे, "रस्त्यात आहे व." (खोटं नव्हतं. गोदाम रस्त्यावरच आहे.)

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या बसनं सौसरला निघालो. मांडीवर घरचा काटा. पुरावा म्हणून! पूर्ण रस्ताभर मी मनात भाषण पाठ करत होती.

गोदामात डोंगरे म्हणून एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. मी काटा टेबलावर आपटला. "भाऊ, हे पाहा आमचं वजन. तुमची मशीन चार महिन्यांपासून आम्हाले लुटून राहिली!"

"काकू, मशीन कायले लुटन? तुम्ही लिहिलं तीन किलो. भरून राहिलं सात."

"सात! अहो, सात किलो कुरडया म्हणजे बैलगाडी लागते!"

"मंग खोलून पाहू का?"

"खोला! सगळ्यांसमोर खोला!"

मागं पार्सल घ्यायला आलेले पाच-सहा जण होते, तेही सरकून पुढं आले. मला बरंच वाटलं. न्याय चारचौघात झालेला बरा. डोंगऱ्यांनी पट्टी कापली, कागदाचे बोळे बाजूला केले आणि आतून काढले... संत्रे. एक, दोन, तीन, पुरते दहा संत्रे.

रुपालीनं माझ्याकडं पाहिलं. "आई, हे काय जी?"

"काय म्हणजे? वानोळा आहे."

"मी वजन लिवल्यावर टाकला?"

"मंग? आपल्या बगीच्यातला पहिला तोडा, लेकीबाळीच्या घरी खोका चालला, त्यात घरचं काही नाही टाकाचं? सगळ्याइच्या पार्सलात टाकतो मी दोन-चार. हिच्या घरी लगन, म्हणून दहा."

"अन् त्याचं वजन?"

"वानोळ्याचं कोणी वजन करते का व? विकून राहिलो का आपण थे?"

मागचा एक जण म्हणाला, "बरोबर आहे काकूचं." डोंगरे मात्र हिशेबी माणूस. "काकू, दहा संत्रे म्हणजे दीड किलो. बाकीचं?"

"बाकीचं तुमच्या मशीनचं पाप!"

त्यांनी हात खाली घातला आणि तुरीच्या डाळीची पिशवी वर काढली. चांगली दीड किलोची. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "हे माह्यं नाही!" मग पाहते तर हे छताचा पंखा निरखून राहिले. पंखा बंद होता.

"अहो?"

"पट्टी माराच्या आधी टाकली. सुषमाचा बाप माह्यासंग शाळेत मास्तर होता," हे पंख्यालाच म्हणाले. "नवी डाळ आहे. एवढ्याशानं काय होते?"

रुपालीनं कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्हीपण? दोघं मिळून धंद्याले बुडवता काय!" सासू-सासऱ्यांना एवढं ऐकवायची संधी पोरीला सहा वर्षांत मिळाली नव्हती. ती बोलतच होती, तेवढ्यात डोंगऱ्यांनी तळातून लोणच्याची बरणी काढली. फडक्यात बांधलेली, वर चिठ्ठी: 'ताई, तुम्ही म्हणाल्या होत्या ना. तुमची रुपाली.'

रुपालीचं बोलणं मधातच थांबलं. मागच्या लोकांचं हसणं नाही थांबलं.

"ह्या बरणीचं वजन लिवलं होतं का व?" मी अगदी प्रेमानं विचारलं.

"नाही जी," ती म्हणाली. "ते का विकत होतं?"

डोंगरे घड्याळाकडं पाहून ओरडले, "काकू, नागपूरची गाडी बारा वाजता निघते! वीस मिनिटं राहिले! काय काढाचं ते काढा, नाही तं खरं वजन लिवा!"

आता खरी पंचाईत! मी म्हटलं डाळ काढा, हे म्हणाले लोणचं काढा, रुपाली म्हणाली संत्रे काढा. दुसऱ्याचा वानोळा काढायला तिघंही तयार! मी संत्रे खोक्यात परत ठेवू लागली, तेवढ्यात एक संत्रा बोटाला मऊ लागला. खालचं गुलाबी कुरडयांचं पाकीट ओलं! आणखी एक दिवस गेला असता तर रुखवतात पाच थरांची गुलाबी खीर मांडावी लागली असती. मी चूपचाप दहाही संत्रे उचलले आणि डोंगऱ्यांच्या टेबलावर ठेवले. ते पाकीट काढलं, खाली नवा कागद घातला. ह्यांनी खऱ्या वजनाचे आणि ह्या खोक्याच्या दंडाचे पैसे पेन्शनमधून भरले, आणि गाडीचं दार लागायला दोन मिनिटं असताना खोका आत गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी पार्सल पोचलं. सुषमाताईंनी रुखवताचा फोटो पाठवला. गुलाबी थर जरा बुटका होता, पण जाऊबाई त्याच्याच बाजूला उभी राहून फोटो काढून घेत होती! मी तो फोटो पाहिला आणि सहा दिवसांनी पोटभर जेवली.

आता घरात कडक नियम आहे. खोका बंद झाल्यावरच काट्यावर चढतो आणि तोवर तिघांनीही हात मागं बांधून उभं राहायचं. गेल्या आठवड्यात भोपाळला पार्सल गेलं. एक रुपयाही कापला नाही. रुपाली नाचतच आली, "आई, ग्रामाचाही फरक नाही जी!"

मी पाकीट भरता भरता थांबली. आपल्या घरातून एवढं कोरडं, बिनवानोळ्याचं पार्सल गेलं! भोपाळची ती बाई काय म्हणत असेल? संध्याकाळपर्यंत दम धरला, मग फोन लावून तिची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी चार संत्र्यांचं वेगळं पार्सल केलं. वजन अगदी बरोबर लिहिलं. पाठवणावळ पडली कुरडयांच्या नफ्याच्या दुप्पट!