पंपघराखालची जागा

विल्फ सेचलने जॅमच्या कारखान्यात अडतीस वर्षं पेट्या उचलल्या, पण गावात त्याला त्या कामावरून कुणी ओळखत नसे. ऊझ नदीवर गळ टाकून बसणारा तो विल्फ, एवढीच त्याची ओळख. लग्न त्याने केलं नाही. "नदी आहे की त्याच्या घरात, दुसरी कशाला?" असं बायका त्याच्या तोंडावर म्हणत आणि हा खाली बघून बुटांचा चिखल खरवडत बसे. बोलण्याच्या बाबतीत माणूस महाकंजूष. मासेमारी मंडळाने त्याला काठाचा राखणदार नेमलं ते बहुधा याच गुणावर. परवाना नसलेल्या माणसाशेजारी तो नुसता येऊन उभा राही, आणि थोड्या वेळाने तो माणूस आपणहून गाशा गुंडाळत असे.

त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं घडलं ते एकोणीसशे सत्तरच्या फेब्रुवारीत. पूर ओसरत होता, नदी दुधाच्या चहासारखी झाली होती. दिवेलागणीला विल्फ एक बादली सांभाळत गावच्या पबात शिरला. बादलीत रोच होता. रोच म्हणजे एरवी तळहाताएवढा मासा, पौंडभराचा लागला तरी माणूस आठवडाभर त्याचंच पुराण लावतो. हा खाटकाच्या काट्यावर तीन पौंड एक औंस भरला. लोकांनी डोळे भरून पाहिला, विल्फला बिअर पाजली आणि मिरवणुकीने जाऊन मासा जिवंत नदीत सोडला. खायचा प्रश्नच नव्हता. रोचमध्ये काट्यांखेरीज काही नसतं, आणि असतं तरी इथे कुणी खाल्लं नसतं.

आता गळवाल्यांची एक रीत आहे. मासा दाखवावा, वजन सांगावं, फार तर आमिष कुठलं तेही सांगावं, पण जागा सांगू नये. कुणी विचारलीच तर भलतीच सांगावी. विचारणाराही ओळखून असतो, मान डोलावतो आणि ती जागा सोडून बाकी सगळीकडे जाऊन बसतो. याला कुणी खोटेपणा म्हणत नाही.

त्या संध्याकाळी जागा विचारली ती लेन इबटने. लेन विल्फच्याच कारखान्यातला, शेजारच्याच घरातला. त्याने गळ हातात धरून जेमतेम दोन महिने झाले होते, आणि ती काठीही विल्फचीच जुनी.

"कुठे लागला रे, विल्फ?"

"वरच्या वळणावर. तिसऱ्या विलोच्या झाडाखाली."

लागला होता तो चाळीस पावलं खाली, शेतांचं पाणी नदीत ओढून टाकणाऱ्या पंपघराच्या तोंडाशी. बाकीचे गालात हसले. लेन हसला नाही. त्याने पेन्सिल काढली आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी विल्फ नदीवर गेला तर हा गडी तिसऱ्या विलोखाली स्टूल टाकून बसलेला. तेव्हाच सांगून टाकायचं. दोन शिव्या खाल्ल्या असत्या, एक बिअर पाजली असती, विषय संपला असता. पण लेनच आधी बोलला. "स्वतःची जागा मला दिलीस, गड्या. कुणी देत नाही रे. आता तू कुठे बसणार?"

"बसेन खाली पंपघराशी," विल्फ म्हणाला. "भिंतीचा आडोसा आहे. वारा लागत नाही."

झालं. इतकी वर्षं हातचं राखून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून एक वाक्य जास्तीचं गेलं आणि तेच त्याच्या मानगुटीवर बसलं. लेनने गावभर सांगितलं, विल्फने मला आपली जागा दिली. गळवाल्यांची रीत पुढे त्यालाही कळली, तोही नवख्यांना भलत्याच जागा सांगू लागला. पण विल्फने आपल्याला तसंच काही सांगितलं असेल, हे कधी त्याच्या मनातही आलं नाही.

सव्वीस हिवाळे लेन तिथे बसला. रेल्वेचे जुने लाकडी ओंडके रोवून त्याने काठावर पायरी केली. बोटाएवढे मासे लागत, ते सोडून देई आणि पुन्हा पावाचा तुकडा लावी. विल्फ येताजाता थांबे. लेन थर्मासमधला चहा द्यायचा आणि दरवेळी म्हणायचा, "ये की इथे, तुझीच जागा आहे." विल्फ चहा संपवून पंपघराकडे जाई. तिथे त्याला दोन-दोन पौंडांचे रोच लागत. ते तो बसल्याबसल्या, आवाज न करता, पाण्यात सोडून देई. यंदाच्या मोसमात सांगू, असं त्याने किती वेळा ठरवलं असेल, त्यालाच ठाऊक. वर्ष जाई तसं सांगणं अवघड होत गेलं. भित्रा नव्हता तो. पण या एका बाबतीत भित्राच होता, दुसरा शब्द नाही.

लेन गेल्या फेब्रुवारीत हृदयविकाराने गेला. मार्चच्या चौदा तारखेला दुपारी त्याची बायको बेरिल बिस्किटांचा डबा घेऊन विल्फच्या दारात उभी राहिली. मोसमाचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून कायद्याने तीन महिने नदीत गळ नाही, आमिष नाही.

"राख आहे," ती म्हणाली. "त्याने सांगून ठेवलंय, पावाच्या चुऱ्यात कालवा आणि विल्फने रोच धरला तिथे टाका. चुरा आणलाय. मला कालवता येत नाही, ते तू कर."

गळवाल्यांना असंच पोचवतात, माशांना टाकायच्या आमिषाच्या लाडवांत राख मिसळून. विल्फने याआधी तिघांचे असे लाडू वळले होते. तो टोपी घालून, आमिषाचं घमेलं उचलून निघाला. वाटभर बेरिलच बोलत होती. तिसऱ्या विलोखाली ती थांबली आणि लेनच्या पायरीवर डबा ठेवून झाकण काढू लागली. आता गप्प राहिलं तर संपत होतं. कधी कुणाला कळलं नसतं. लेनने मागितलेली शेवटची गोष्टही मग भलत्या जागी पडली असती.

"नको उघडू, बेरिल," तो म्हणाला. "तो मासा इथला नव्हता."

"म्हणजे?"

"खाली लागला होता. पंपघराशी. मी त्याला खोटं सांगितलं."

बेरिलने विचारलं, "सव्वीस वर्षं?"

"हो."

"आमच्या लेकीने, जॅनेटने, ऑस्ट्रेलियाची तिकिटं पाठवली होती, विल्फ. दोनदा, नाताळातली. तिची पोरं मी फोटोत पाहिली आहेत, त्यानेही फोटोतच पाहिली. म्हणायचा, हिवाळ्यात कसं जायचं? रोच हिवाळ्यातच लागतो, आणि विल्फला लागला म्हणजे इथे आहेच." तिने झाकण पुन्हा घट्ट लावलं. "चल. दाखव."

विल्फ पुढे, ती मागे. पंपघराच्या भिंतीशी आल्यावर तिने वळून पाहिलं. "इथून दिसायचा तो?"

"टोपी दिसायची."

ती रडेल असं विल्फला वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं. तिने डबा आणि चुऱ्याची पिशवी त्याच्या हातात दिली. "कालव. आणि कालवताना त्याला सांग. मला नको, त्याला सांग. त्या दिवशी सांगायला हवं होतंस ते सगळं."

विल्फ गुडघे टेकून बसला. आमिषाच्या घमेल्यात त्याने चुरा ओतला, राख ओतली, ओंजळीने पाणी घातलं. हात सवयीने चालत होते. मग तो बोलू लागला.

"लेन, पंपघराच्या तोंडापासून दुसरा खांब. त्याच्या सरळ समोर, काठीभर लांब. सात फूट पाणी आहे. आमिष तळाला टेकू द्यायचं. पावाचा मऊ भाग, नखाएवढा, घट्ट दाबायचा नाही. पूर उतरत असेल तेव्हा, उजेड कमी व्हायला लागला की. पाण्यावरचा फ्लोट बुडत नाही, नुसता हलतो. तेवढ्यावरच ओढायचं."

त्याने मिश्रण मुठीत दाबून सात लाडू वळले आणि एकेक करून दुसऱ्या खांबासमोर टाकले. सातही एकाच जागी पडले. मग घमेलं धुतलं आणि तो तसाच गुडघ्यांवर राहिला.

"एवढंच?" बेरिलने विचारलं.

"एवढंच."

"सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत," ती म्हणाली.