देवघराचं बटन

"आधी बटनं दाखवा," घरात पाऊल टाकल्या टाकल्या चाचा म्हणायचे. बिघडलेला कॉम्प्युटर समोर मांडून ठेवलेला असायचा, पण ते त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. हात मागे बांधून भिंतींवरचे स्विचबोर्ड बघत फिरायचे. घर विकत घ्यायला आलेत की काय, असं वाटावं.

सानपाड्याला आमच्या सोसायटीखाली त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे नावड्याचे, कोकणी मुसलमान. सगळे त्यांना चाचाच म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले माझे सासरे अण्णासुद्धा.

सासूबाई गेल्या आणि त्यांचे व्हिडिओ तेवढे आमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये राहिले. मोदक वळताना, नातीकडून पाढे म्हणून घेताना, अण्णांवर ओरडताना. लॅपटॉपचा काही भरवसा नव्हता. चाचांनी दोन डिस्क बसवलेला एक डबा आणला, टीव्हीमागे ठेवून घरच्या वायफायला जोडला आणि सगळं त्यात भरलं. आता ते घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर दिसायला लागलं. अण्णा रोज दुपारी टीव्हीसमोर बसून बायकोची बोलणी खायचे. लॅपटॉपने त्याच महिन्यात मान टाकली.

"डब्याचं बटन बंद करायचं नाय, निम्मे बिघाड बटनापायीच होतात," चाचांनी बजावलं होतं. आम्ही माना डोलावल्या होत्या. पण बाहेर पडताना घरातली सगळी बटनं बंद करायची आपली सवय तुम्हाला ठाऊक आहे. अण्णांचा हात ते काम त्यांना न विचारता करतो. डबा रोज मध्येच बंद पडायचा. एका सकाळी तो लाल दिवा दाखवत मुकाट बसला.

अण्णांना कळलं कोणाच्या हातून झालं ते. ते जेवले नाहीत. मला आधी त्यांचा राग आला होता, मग रागाची लाज वाटली.

चाचांनी बराच वेळ तपासलं. "एक डिस्क गेली," म्हणाले. अण्णा टीव्हीसमोरची आपली खुर्ची उचलून आत न्यायला लागले.

"अहो अण्णा, दोन कशाला घातल्यात मग? जे हिच्यात, तेच तिच्यात. वहिनी सुखरूप हायत."

त्यांनी टीव्ही लावला. सासूबाई कडाडल्या, "अहो, बाहेर निघालात ना? आधी पंख्याचं बटन बंद करा!"

चाचांनी अण्णांकडे पाहिलं. "आता कळला हा रोग कुठून आला ते!" आम्ही तिघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

नवी डिस्क बसवल्यावर चाचांनी विचारलं, "ह्या घरात तुमी कधीच बंद करत नाय, असं बटन कुठलं?"

"देवघरातल्या दिव्याचं," अण्णा म्हणाले.

चाचा घुटमळले. "देवाला चालंल?"

"देवघर तिनेच मांडलंय. तिला चालेल."

चाचांनी हातपाय धुतले, वायर ओढून घेतली आणि डबा देवघराखालच्या फळीवर ठेवला. प्लग मात्र अण्णांच्या हातून लावून घेतला. त्यानंतर जिन्यात कधीही भेटले की विचारायचे, "चालू हाय ना?"

गेल्या वर्षी चाचा गेले. दुकानात आता केक मिळतात.

अण्णा अजूनही बाहेर पडताना घरभर बटनं बंद करत फिरतात. देवघरापाशी आले की हात मागे बांधतात, वाकून डब्याचा हिरवा दिवा बघतात. "चालू हाय," असं म्हणतात आणि चपला घालतात.