तिसरा आलेला हितू

लालबागच्या चाळीत हितेंद्र घाडीला सगळे सायकलपटू म्हणत, आणि त्यात कुणी थट्टा करतंय असं त्याला कधी वाटलं नव्हतं. शिवडीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे माल नोंदवायचं काम, वय सेहेचाळीस, पोट बेताचं, आणि जानेवारीतल्या हौशी सायकल शर्यतीत दरवर्षी नाव ठरलेलं. नंबरही ठरलेलाच म्हणायचा, फक्त तो शेवटून मोजावा लागे.

शर्यत गिरगाव चौपाटीवरून सुटायची, दादरला शिवाजी पार्काला वळसा घालायची आणि परळ-लालबागवरून पुन्हा चौपाटी गाठायची. म्हणजे परतीला ती थेट चाळीच्या दारातून जायची. पहिल्या वर्षी त्याची आई, आनंदीबाई, हौसेने ओवाळणीचं ताट घेऊन रस्त्यावर उतरली. हितेंद्र तेव्हा इतका मागे होता की थांबला काय आणि न थांबला काय, सारखंच. तो थांबला, टिळा लावून घेतला, दहीसाखर खाल्ली, वर पेलाभर कोकम सरबत प्यायला आणि मग निघाला. बघणाऱ्यांना हे फार आवडलं. आपल्याकडे एखादी गोष्ट दोनदा झाली की तिची परंपरा होते. तिसऱ्या वर्षी मंडळाने बेंजो आणला, चौथ्या वर्षी फ्लेक्स लागला. शर्यत कोण जिंकतं याच्याशी चाळीला काही देणंघेणं उरलं नाही. शर्यत म्हणजे हितूचं औक्षण. त्याच्या आधी जी माणसं माना खाली घालून सायकली हाणत जायची, ती बिचारी वर्दी द्यायला पुढे धाडलेली.

शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला ताटलीएवढं पदक मिळायचं. हितेंद्रची पदकं मंडळाच्या खोलीत ओळीने टांगली होती आणि चाळीत नव्याने आलेले भाडेकरू ती बघून त्याला वचकून असत. खरं काय ते एकट्या हितेंद्रला ठाऊक होतं आणि ते त्याला खात होतं. एकदा तरी खराखुरा नंबर यावा आणि तो लालबागने आपल्या डोळ्यांनी बघावा, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून यंदा त्याने ऑफिसातल्या अभयला गाठलं. अभय क्लबात सायकल चालवणारा, खाण्यापिण्याच्या बाबतीत निर्दय. त्याने हितेंद्रचा वडा बंद केला, रोज पहाटे त्याला पूर्व किनाऱ्याच्या रस्त्यावर पिदडलं आणि मंडळाचा भगवा ढगळ टी-शर्ट जप्त केला. "त्यात वारा भरतो. सायकल चालवतोयस की शीड लावून होडी हाकतोयस?" असं म्हणून त्याने एक काळी, अंगाला चिकटणारी जर्सी दिली. जर्सी, हेल्मेट आणि काळा गॉगल चढवून हितेंद्र घरात उभा राहिला तेव्हा त्याची बायको आकांक्षा म्हणाली, "मलाच ओळखू येईना." त्याला ती स्तुती वाटली. पोट बरंच उतरलं होतं, त्यामुळे वाटणारच.

या तयारीबद्दल आईला किंवा मंडळाला त्याने चकार शब्द सांगितला नाही. बोलून दाखवलं की नाट लागते, हे तिचंच सांगणं.

शर्यतीच्या सकाळी परळ मागे टाकताना हितेंद्र पुढच्या पाचांत होता. हे त्याचं त्यालाच खरं वाटत नव्हतं. लालबाग आलं तशी त्याने मान वर काढली. फ्लेक्स दिसला, त्यावर तो स्वतः ढगळ टी-शर्टात हसत होता. बेंजोवाले चहा पीत होते. आकांक्षा मोबाइल वर धरून फ्लेक्सचाच फोटो काढत होती. आनंदीबाई रस्त्याकडे पाठ करून, वाऱ्याला आडोसा धरून वात पेटवत होती. आणि मंडळाचे कुशाबा, ज्यांनी गर्दी आवरायचं काम आयुष्यभर स्वतःकडेच ठेवलं होतं, ते दोन्ही हात हलवत थेट त्याच्याच अंगावर ओरडले, "ए काळ्या जर्सीवाल्या, चल, पुढे चल! वाट मोकळी ठेव, आमचा हितू यायचाय!"

हितेंद्रचा हात सवयीने ब्रेकवर गेला. हाक मारावी तर श्वास नव्हता. पुढचे दोघे निसटत होते. त्याने ब्रेक दाबला नाही.

चौपाटीवर तो तिसरा आला. लाकडी खोक्यावर उभं करून त्याला पदकाऐवजी एक करंडक दिला, कॅरमच्या स्पर्धेत देतात त्याहूनही छोटा. टाळ्या वाजवणारं ओळखीचं माणूस म्हणजे एकटा अभय, आणि तोही घाईत होता. हितेंद्रने आपला मोबाइल फोटो काढायला आकांक्षाकडे दिलेला. एका पोरीचा फोन मागून त्याने पाठ असलेला एकच नंबर लावला, स्वतःचा. आकांक्षाने अनोळखी नंबर बघून कट केला. तिने तरी काय करावं, त्या फोनवर सकाळपासून लोक कर्ज घ्या म्हणत होते.

तो सायकल मारत लालबागला परतला तेव्हा तिथे सुतक पडलं होतं. शेवटचा सायकलवाला गेला, त्याच्या मागून रुग्णवाहिका गेली, आणि हितू काही आला नाही. कुशाबांनी के.ई.एम.ला माणूस धाडला होता. आनंदीबाई ताट घेऊन तशीच फुटपाथवर उभी होती, ताटातला दिवा विझलेला. हितेंद्रने हेल्मेट काढलं तशी ती रडायलाच लागली.

"खंय लागला रे, झिला?"

"काय एक लागला नाय, आये. तिसरो इलंय."

"असू दे. खंय तरी इलंस मां, पुरे झाला."

कुशाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "शेवटून तिसरा? प्रगती आहे रे, हितू." मग करंडक न्याहाळून त्यांचा चेहरा पडला. "यंदा पदक नाही दिलं? हा एवढासा पेला?"

आकांक्षाने करंडक हातात घेतला आणि त्यावरचं वाचलं. तिने चमकून नवऱ्याकडे बघितलं, सगळ्यांना सांगायला तोंड उघडलं. हितेंद्रचं लक्ष आईकडे होतं. ती पुन्हा काडी ओढत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं ताट वाया गेलं होतं. त्याला स्वतःच्या नंबराचा विलक्षण राग आला.

त्याने आकांक्षाला मानेनेच नको म्हटलं. सायकल वळवली, पुलाखालच्या कोपऱ्यापर्यंत मागे गेला आणि तिथून रमतगमत, धापा टाकत आला. धापा खोट्या होत्या, पण चाळीला त्या ओळखीच्या होत्या. बेंजो सुरू झाला. कुशाबांनी रिकामा रस्ता मोकळा केला. हितेंद्रने आईसमोर ब्रेक दाबला आणि डोकं वाकवलं.

टिळा लागला, दिवा फिरला. आनंदीबाईने दहीसाखर त्याच्या हातावर ठेवली.

"यंदा खूप उशीर केलंस."

"पुढल्या वर्षी लवकर येतंय, आये."

"नको रे," ती म्हणाली. "सावकाश ये. आमी हंयच असतलंव."