शेवटच्या नळाचं पाणी

अर्धी भांडी घासून झाली होती, तेवढ्यात भाऊजी दारात आले. "वहिनी, आता पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालू नका."

माझे हे चुलत दीर वस्तीची पाण्याची टाकी सांभाळतात. तपासणीसाठी पाणी ते आमच्याच नळाचं नेतात. आमचं घर ओळीत शेवटचं. टाकीतलं जंतुनाशक इथवर पोचलं, तर सगळीकडे पोचलं. या वेळी अहवाल खराब आला होता.

"पाणी समितीचे अध्यक्ष म्हणतात, टाकीजवळच्या नळाचं पाणी पाठव आणि तो अहवाल लाव. नाहीतर किल्ली ठेव आणि घरी बस."

"मग?"

"तिथलं पाणी चांगलंच निघणार हो. पण टाकीजवळ राहतात फक्त कबुतरं!"

मी देवापुढच्या तांब्याकडे पाहिलं. सकाळी तेच पाणी भरलं होतं. त्यांच्या लक्षात आलं. "देवाचं पोट बिघडत नाही, वहिनी. नातीला जपा."

मला हसू आलं नाही. त्यांचं घर या एका नोकरीवर चालतं.

"अहवालाचं काय करणार?"

"तुमच्या नळाचा आत्ताच वस्तीच्या फलकावर लावून आलो. खरा तोच."

किल्ली अजून त्यांच्या खिशात होती. ते शाळेचा नळ बंद करायला निघाले.